एका दिवसाचा परकायाप्रवेश

मनुष्य वयाने वाढला म्हणजे त्याच्या बोलण्यात दोन शब्द हमखास शिरतात: ‘आमच्या वेळी’. आमच्या वेळी शाळेत पायी जावे लागे, आमच्या वेळी मास्तरांपुढे मान वर करण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, आमच्या वेळी थोरल्या भावंडांची जुनी पुस्तकेच धाकट्यांच्या वाट्याला येत. ही वाक्ये खोटी असतात असे नाही. बहुधा ती खरीच असतात. परंतु ज्या मुलाला उद्देशून ती उच्चारली जातात, ते मूल त्या वेळी काही निराळेच सांगत असते, आणि ते सांगणे या दोन शब्दांखाली दडपून जाते. मुलाचे वय आपण एकदा ओलांडलेले आहे, तेव्हा त्या वयाची सगळी खबर आपल्यापाशी आहे, अशी वडीलधाऱ्यांची मनोमन खात्री असते. म्हातारपणाविषयी तरुण मनुष्य असा दावा करीत नाही, कारण तो मुलूख त्याने पाहिलेला नसतो. शाळेच्या वयाविषयी मात्र प्रत्येक प्रौढ मनुष्य स्वतःस अधिकारी समजतो.

हा अधिकार कितपत खरा, याची तपासणी तत्त्वज्ञांपेक्षा प्रहसनकारांनी अधिक चोख केली आहे, असे आम्हांस वाटते. आम्ही येथे ज्या चित्रपटाविषयी लिहिणार आहोत तो कोणी मोठी कलाकृती म्हणून मिरवीत नाही. ‘फ्रीकी फ्रायडे’ हे त्याचे नाव. ‘विक्षिप्त शुक्रवार’ असे त्याचे मराठी करता येईल. शाळकरी मुलीचे आयुष्य, त्यात अद्भुताची एक चिमूट, आणि घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून हसावे असा बेत. एका शुक्रवारी सकाळी आई आणि मुलगी जाग्या होतात, तो आईचे मन मुलीच्या देहात आणि मुलीचे मन आईच्या देहात! मग आईला दप्तर पाठीला लावून शाळेत जावे लागते आणि मुलीला आईचे दिवसभराचे व्यवहार सांभाळावे लागतात. कथा एवढीच.

परकायाप्रवेश आपणांस नवा नाही. पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात त्याची गणना सिद्धींमध्ये केलेली आहे. आद्य शंकराचार्यांविषयीची आख्यायिका तर आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणीच ऐकलेली असेल. मंडनमिश्रांशी झालेल्या वादात त्यांची पत्नी उभयभारती हिने आचार्यांना गृहस्थजीवनाच्या अनुभवासंबंधी प्रश्न विचारले. आचार्य बालसंन्यासी. त्यांनी मुदत मागून घेतली, आणि मृत झालेल्या अमरु राजाच्या देहात प्रवेश करून तो अनुभव घेतल्यावरच ते उत्तर देण्यास परतले. या आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य काय असेल ते असो; तिच्यातली एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. सर्व शास्त्रे ज्याला मुखोद्गत आहेत अशा पुरुषालाही, जे आयुष्य आपण जगलो नाही त्याविषयी बोलण्यापूर्वी ते जगून पाहणे आवश्यक वाटले. ज्याचे जळते त्याला कळते, ही आपली म्हण तेच सांगते.

याच कल्पनेतला विनोदही आपल्या पूर्वजांनी ओळखला होता. पल्लव राजा महेंद्रविक्रमाच्या काळाशी, म्हणजे सातव्या शतकाशी, जोडले जाणारे ‘भगवदज्जुकम्’ हे संस्कृत प्रहसन प्रसिद्ध आहे. त्याच्या कर्त्याविषयी विद्वानांत एकमत नाही. एका उद्यानात वसंतसेना नावाच्या गणिकेचे प्राण यमदूत हरण करतो. तेथे आलेला परिव्राजक आपल्या आळशी शिष्याला, शांडिल्याला, योगाचे सामर्थ्य दाखवावे म्हणून तिच्या देहात शिरतो. इकडे आपण भलत्याच वसंतसेनेला नेले हे यमदूताच्या ध्यानात येते. तो परत येऊन पाहतो तर गणिकेचा देह अगोदरच व्यापलेला! निरुपाय होऊन तो तिचा जीव परिव्राजकाच्या रिकाम्या देहात घालतो. मग गणिकेच्या मुखातून वैराग्याची भाषा, आणि संन्याशाच्या मुखातून प्रियकराची चौकशी. यमाच्या कचेरीतही नावाच्या सारखेपणामुळे घोटाळे होतात, ही कल्पना तेराशे वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांनाही हसवीत होती.

ही कल्पना शाळेच्या फाटकातून आत नेण्याचे श्रेय एका इंग्रज लेखकाकडे जाते. टॉमस अँस्टी गथ्री यांनी ‘एफ. अँस्टी’ या टोपणनावाने 1882 साली ‘व्हाइसा व्हर्सा’ ही कादंबरी लिहिली. तिचे उपशीर्षक ‘बापांसाठी एक धडा’ अशा अर्थाचे आहे. सुट्टी संपून वसतिगृहाच्या शाळेत परत जावे लागणार म्हणून डिक नावाचा मुलगा रडवेला झाला आहे. त्याचे वडील, लंडनमधले प्रतिष्ठित व्यापारी बल्टिट्यूडसाहेब, त्याला ‘आमच्या वेळी’चेच इंग्रजी व्याख्यान ऐकवितात: शाळेचे दिवस हेच आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस, आम्हांला ते पुन्हा मिळाले तर काय बहार होईल! दुर्दैवाने हे बोलताना त्यांच्या हातात मेहुण्याने हिंदुस्थानातून आणलेला ‘गरुडमणी’ असतो. मणी त्यांचे बोलणे खरे करतो. ते डिकसारखे होतात. डिक चलाख, तो मणी हाती घेऊन वडिलांचे रूप मागून घेतो, आणि गाडीत बसून शाळेकडे रवानगी होते ती वडिलांची. तेथे मुख्याध्यापक डॉ. ग्रिमस्टोन यांच्या छडीच्या छायेत शाळेचे सुख म्हणजे काय याचा त्यांना यथास्थित अनुभव येतो. आपल्या देशातून त्या काळी काय काय विलायतेस गेले त्याचा हिशेब मोठा आहे. पण निदान एका इंग्रज बापाला शाळेत परत पाठविण्याचे काम आपल्या गरुडाने केले, याचे आम्हांस थोडे समाधान वाटते. या कादंबरीवर पीटर युस्टिनॉव्ह यांनी 1948 साली चित्रपटही काढला.

वडील आणि मुलगा यांच्या जागी आई आणि मुलगी आणल्या त्या अमेरिकन लेखिका मेरी रॉजर्स यांनी, 1972 सालच्या आपल्या ‘फ्रीकी फ्रायडे’ या कादंबरीत. विख्यात संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांच्या या कन्या. कादंबरी सारी मुलीच्या, ॲनाबेलच्या, तोंडून सांगितलेली असल्यामुळे आईच्या रूपात घरी अडकलेली मुलगीच तीत दिसते. मुलीच्या रूपातल्या आईचा दिवस वाचकांच्या डोळ्यांआड जातो. डिस्ने कंपनीने 1976 साली गॅरी नेल्सन यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट काढला तेव्हा पटकथा रॉजर्सबाईंनीच लिहिली, आणि आता प्रेक्षक आईबरोबर वर्गात जाऊन बसले. बार्बरा हॅरिस आई आणि जोडी फॉस्टर मुलगी. शाळा म्हणजे आरामाचा दिवस अशा समजुतीने गेलेल्या या आईची टंकलेखनाच्या तासाला विजेच्या यंत्रांशी गाठ पडते आणि यंत्रे कामातून जातात. हॉकीच्या मैदानावर तिच्यामुळे सामना हरतो. एका इतिहासाच्या तासाला तेवढी ती चमकते, कारण कोरियाच्या युद्धाचा धडा चाललेला असतो आणि ते युद्ध तिच्या स्वतःच्या आठवणीतले असते. मोठ्या माणसाची स्मृती शाळेत उपयोगी पडते ती इतिहासाच्या तासापुरती. पटकथालेखिकेने हे मुद्दाम योजिले की सहज, ते सांगता येत नाही. पण आमच्या मुद्द्याला ते नेमके लागू पडते.

परंतु ज्या आवृत्तीने आम्हांस विचारात पाडले ती 2003 सालची, मार्क वॉटर्स यांनी दिग्दर्शित केलेली. तीत जेमी ली कर्टिस या टेस नावाच्या आई आहेत आणि लिंडसे लोहान ही ॲना नावाची पंधरा वर्षांची मुलगी. टेसबाई व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ. दुसऱ्यांचे ऐकून घेण्याचे त्यांना पैसे मिळतात. घरात मात्र ऐकायला उसंत नाही. पती वारलेले, आणि शनिवारी त्यांचा दुसरा विवाह व्हायचा आहे. मुलीला गिटार वाजविण्याचा नाद. शाळेत तिला सारख्या शिक्षा होतात, आणि एका शिक्षकाच्या विषयात काहीही लिहिले तरी ती नापास. तिचे म्हणणे एकच: ते शिक्षक माझ्यावर डूख धरून आहेत. आईचे उत्तर जगातल्या सर्व आयांचे असते तेच. गुरुवारी रात्री एका चिनी उपाहारगृहात दोघींचे कडाक्याचे भांडण होते. मालकिणीची वृद्ध आई दोघींच्या हाती एकेक बिस्कीट ठेवते. अशा बिस्किटाच्या पोटात भविष्याची चिठ्ठी असते. ती फोडताच धरणीकंप होतो, पण जाणवतो तो दोघींनाच. हे कसे घडले याचे स्पष्टीकरण चित्रपट देत नाही. आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात कसा राहतो हे आपण तरी कोठे विचारले होते?

आता आई मुलीच्या बाकावर बसते. तास त्याच शिक्षकांचा, विषय शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’. टेसबाई उच्चविद्याविभूषित, त्या अस्खलित आणि अभ्यासपूर्ण उत्तर देतात. शिक्षक त्यांना नापासाचा शेरा देतात. त्या चकित होऊन त्या गृहस्थाकडे निरखून पाहतात, तेव्हा त्यांना ओळख पटते. हे त्यांचेच शाळेतले सहाध्यायी! त्या काळी शाळेच्या नृत्यसमारंभाला बरोबर येण्याविषयी यांनी विचारले होते आणि टेसबाईंनी नकार दिला होता. त्या नकाराचा सूड मुलीच्या प्रगतिपुस्तकात वर्षभर उगवला जात होता.

या प्रसंगाला प्रेक्षागृहात मोठा हशा येतो, आणि तो यावाही. पण त्यातला अर्थ साधा नाही. मुलांना समज देणाऱ्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. त्यांच्यात मूल हट्ट करते, चमत्कार घडतो, मुलाला आपली चूक कळते आणि ते आईच्या कुशीत शिरते. येथे चमत्कार घडतो तो प्रथम मुलीची तक्रार खरी होती हे सिद्ध करण्यासाठी. ज्याला आईने सबब म्हटले ती वस्तुस्थिती होती. पुढे तर टेसबाईंची आणखी एक कसोटी लागते. मुलीची एक जुनी मैत्रीण आता तिच्या वाईटावर आहे. गोडीने बोलले तर सर्व काही मिटते, असा टेसबाईंचा शास्त्रोक्त विश्वास; मुलीलाही त्यांनी हाच उपदेश केलेला असणार. त्या समेटाचा हात पुढे करतात, आणि ती मुलगी परीक्षेत त्यांच्यावर नक्कल केल्याचा आळ आणते. मग ही विदुषी काय करते? संधी मिळताच शत्रूचा पेपर बिघडवून ठेवते. पंधरा वर्षांच्या मुलीने असे केले असते तर याच बाईंनी तिला तासभर बौद्धिक दिले असते. हे कृत्य स्तुत्य नव्हे. पण त्या वर्गात एक दिवस बसल्यावर त्यांनाही ते सुचले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हा चित्रपट आम्ही घरीच, दूरचित्रवाणीवर, कुटुंबातल्या मंडळींबरोबर पाहिला. आमचे धाकटे बंधू बदलीच्या निमित्ताने साताऱ्याहून भोपाळला आले, त्याला तेव्हा वर्ष होत आले होते. त्यांची मुलगी नववीत होती. चित्रपट तिच्याच आग्रहावरून लावलेला. शिक्षकाचा तो प्रसंग यायच्या अगोदर आमची भावजय हसत म्हणाली, “मार्क कमी पडले की मास्तर वाईट! सगळीकडच्या मुली सारख्याच.” प्रसंग आला, मास्तर खरोखरच वाईट निघाले, आणि आम्ही सर्वजण हसलो. पुतणी हसली नाही. ती पडद्याकडे पाहतच नव्हती. आईकडे पाहत होती.

चहाच्या वेळी ती म्हणाली, “आई, तू एक दिवस माझ्या वर्गात येऊन बस. गुरुवारी.”

गुरुवारीच का, असे आम्ही विचारले. मग ते हळूहळू बाहेर आले. गुरुवारी हिंदीच्या तासाला धड्याचे प्रकट वाचन असे. साताऱ्याच्या मुलीच्या तोंडी ‘चादर’ आणि ‘जंगल’ या शब्दांतले च आणि ज आपल्या मराठी वळणाने येत; ते तिकडच्या कानांना विचित्र लागत. वर्ग हसे. बाई हशा थांबवीत नसत. उलट तोच परिच्छेद तिला पुन्हा वाचायला लावीत, म्हणजे हशाही पुन्हा होई. त्या वर्षी दर गुरुवारी सकाळी मुलीच्या पोटात दुखत असे, हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. ओवा झाला, सुंठ झाली, डॉक्टर झाले. पोटात काही सापडले नाही.

“अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?” भावजयीने विचारले.

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तू म्हणालीस, आमच्या वेळी मास्तर छड्या मारायचे, नुसतं हसल्याचं काय घेऊन बसलीस?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तक्रारही नव्हती. तारीख-वार सांगावा तसे तिने ते सांगितले, आणि आमच्या भावजयीने हातातली बशी खाली ठेवली. पुढच्या आठवड्यात ती उभयता शाळेत जाऊन वर्गशिक्षिकांना भेटली. प्रकट वाचन पाळीपाळीने सर्वांना देण्यात येऊ लागले. हशा एकदम थांबला असे नाही. परंतु गुरुवारचा ओवा मात्र बंद झाला.

महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आपल्या मंडळींना या गोष्टीत काही ओळखीचे दिसेल. आपली मुले घराचा उंबरठा ओलांडतात ती दुसऱ्या भाषेत पाऊल टाकतात. तिथले टोमणे त्या भाषेतले, तिथली थट्टा त्या भाषेतली. ती घरी मराठीत सांगू गेले तर तिचे विष उतरून जाते आणि ऐकणाऱ्याला ती क्षुल्लक वाटते. आईबापांचे स्वतःचे शालेय जीवन साताऱ्यात किंवा अमरावतीत गेलेले. त्या आठवणींच्या आधारे भोपाळच्या अगर कलकत्त्याच्या वर्गाची कल्पना करणे म्हणजे एका गावाचा नकाशा घेऊन दुसऱ्या गावात घर शोधण्यासारखे आहे. वास्तविक गाव तेच असले, तरी मधल्या तीस वर्षांत ते दुसरे झालेले असते.

चित्रपट एकतर्फी न्याय देत नाही, हेही सांगितले पाहिजे. आईच्या देहात शिरलेल्या ॲनाला वाटते, आता आपण मोकळ्या झालो. पण तिला आईच्या रुग्णांची दुःखे ऐकावी लागतात, आणि धाकट्या भावाच्या शाळेत पालक म्हणून बसावे लागते. ज्या भावाशी तिचे रात्रंदिवस भांडण, त्याच्या मनात आपल्या बहिणीविषयी केवढा आदर आहे, हे तिला तेथे कळते. भावाने ते तिला कधी सांगितले नसते. आईलाच ते कळू शकत होते. संध्याकाळी विवाहाच्या आदल्या दिवसाचे भोजन आणि ॲनाच्या वाद्यवृंदाची परीक्षा एकाच वेळी येतात. रंगमंचावर मुलीच्या देहातली आई गिटार वाजविण्याचा नुसता अभिनय करते, आणि पडद्यामागून आईच्या देहातली मुलगी खरे वाजविते. ज्याला आपण गोंगाट म्हणत होतो त्यात केवढे कष्ट आहेत, ते आईला तेथे उमगते. शेवटी मुलीसाठी आई विवाह पुढे ढकलण्यास तयार होते, आणि आईसाठी मुलगी, तिच्याच मुखाने, त्या नव्या गृहस्थांचा कुटुंबात स्वीकार करते. तेव्हा दोघी आपापल्या देहात परत येतात.

कोणी म्हणेल की, हे सर्व सोयीचे आहे. एका दिवसात एवढी समज येते थोडीच? या आक्षेपाला उत्तर चित्रपटाच्या पुढच्या भागानेच दिले आहे. निशा गणात्रा यांनी दिग्दर्शित केलेला ‘फ्रीकियर फ्रायडे’ 2025 साली प्रदर्शित झाला. बावीस वर्षांनी त्याच दोघी अभिनेत्री परत आल्या. ॲना आता स्वतः आई झाली आहे. तिची मुलगी हार्पर शाळेत जाते, आणि ॲना विवाह करू पाहते आहे. आपल्या आईच्या देहात एक संपूर्ण दिवस काढलेली, ‘माझे कोणी ऐकत नाही’ म्हणून एके काळी आक्रोश केलेली ही मुलगी! तिला तरी आपल्या मुलीचे मन कळावे की नाही? पण नाही. तिलाही ते कळत नाही, आणि चमत्काराला पुन्हा धाव घ्यावी लागते. या खेपेला दोघींच्या ऐवजी चौघींची अदलाबदल होते. व्यवसाय म्हणून पुढचा भाग काढला, हे उघडच आहे. तरीही त्यातून निघणारी गोष्ट आम्हांस खरी वाटते. परकायाप्रवेश करून मिळविलेले ज्ञानसुद्धा एका पिढीपुरतेच टिकते. ॲनाला जे कळले ते तिच्या आईविषयी. हार्परविषयी तिला नव्यानेच शिकणे प्राप्त होते.

आपल्यापाशी गरुडमणी नाही, आणि भविष्याच्या चिठ्ठीचे बिस्कीट खाऊन धरणीकंप होण्याचाही संभव नाही. मग आपल्या हाती उरते काय? एक फार लहान गोष्ट उरते. ‘तुला काही कळत नाही’ असे पंधरा वर्षांचे मूल म्हणाले, की आपण त्यात उद्धटपणा ऐकतो. तो त्यात असतोही. परंतु त्या वाक्यात एक बातमीही असते, आणि ती बहुधा अचूक असते: त्या वर्गात, त्या बाकावर, त्या विशिष्ट गुरुवारी काय घडते ते आपल्याला खरोखरच कळत नाही. ते कळण्यासाठी टेसबाईंना देह बदलावा लागला, कारण मुलीच्या शब्दांवर विश्वास ठेवण्याचा सोपा मार्ग त्यांनी वर्षभर टाळला होता. मुलाचे सगळेच म्हणणे खरे धरावे असे आम्ही म्हणत नाही. मुलेही बनवाबनवी करतात, आणि तो त्यांचा वयसिद्ध हक्क आहे. चौकशी जरूर करावी. फक्त ती करण्यापूर्वी आपल्या वेळच्या छड्या मधे आणू नयेत. त्या आपल्याला लागल्या होत्या. मुलाला काय लागले आहे, हे त्यालाच विचारावे लागेल.